शेकहँड देतो, पण चावतो

पुण्या-मुंबईतल्या आणि आता नाशिक-कोल्हापुरातल्याही बऱ्याचशा सोसायट्यांत सकाळी सातच्या सुमारास एक ठरलेलं दृश्य दिसतं. ट्रेनर बाइकवरून येतो, घरकामाच्या मावशींकडून पट्टा हातात घेतो, पार्किंगमध्ये कुत्र्याकडून पाऊण तास ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ करून घेतो आणि त्याला वर सोडून पुढच्या सोसायटीत जातो. मालक तेव्हा झोपलेले असतात, नाहीतर ऑफिसच्या कॉलवर. तीन महिन्यांचा कोर्स संपतो. कुत्रा पाहुण्यांना ऐटीत शेकहँड देतो आणि त्याच पाहुण्याने सोफ्याखालच्या चेंडूला हात लावला की दात दाखवतो. मग घरात निकाल लागतो, ट्रेनर काही कामाचा नव्हता.

हा निकाल बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. त्या माणसाने जे शिकवायचं कबूल केलं होतं ते शिकवलेलं असतं. सांगितल्यावर बसणं ही आज्ञा आहे. अनोळखी माणूस दारात आल्यावर जिवाचा थरकाप न होणं ही आज्ञा नव्हे, ती मनाची स्थिती आहे. पहिली गोष्ट कवायतीने येते, दुसरी येत नाही. घाबरलेला कुत्रा हुकमाबरोबर बसेलही, पण तो बसलेला घाबरलेला कुत्रा असेल, एवढाच फरक. आपल्याकडे या दोन्ही कामांना एकच नाव आहे, ‘ट्रेनिंग’, आणि दोन्हींसाठी एकाच माणसाला बोलावलं जातं. घोटाळ्याची सुरुवात इथून होते.

कवायतीचा हा वारसा कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. आधुनिक श्वानप्रशिक्षणाचं पहिलं मोठं पुस्तक १९१० साली जर्मनीत निघालं. लेखक कोनराड मोस्ट, पोलीस आणि लष्करी कुत्र्यांचे प्रशिक्षक. पट्ट्याचा झटका, दाब आणि त्यातून सुटका ही त्यांची पद्धत पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. भारतातही हे शास्त्र खाकी वर्दीतूनच आलं. लष्कराचं केंद्र मेरठला, सीमा सुरक्षा दलाचं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला, आणि महाराष्ट्र पोलिसांचं पुण्यात शिवाजीनगरला. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून देणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर शिवाजीनगरलाच तयार झाला. निवृत्त झाल्यावर खासगी ट्रेनिंग सुरू केलेले हवालदार आणि सुभेदार, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं, यांच्यावरच आपल्या शहरांतला हा धंदा बराच काळ उभा होता. त्यांचं कुत्र्याच्या देहबोलीचं ज्ञान अनेकदा पुस्तकी माणसाला लाजवणारं असतं, हेही इथेच सांगायला हवं.

पण पोलिसांच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट आपण उचललीच नाही. तिथे कुत्रा एकटा शिकत नाही. त्याचा हँडलर त्याच्याबरोबर शिकतो. त्याला खाऊ घालणं, धुणं, फिरवणं, आजारपणात उशाशी बसणं हे सगळं त्याच माणसाकडे असतं. शिवाय कुत्रा मुळात निवडलेला असतो. बुजरं किंवा चिडकं पिल्लू भरतीतच बाद होतं. आपल्या घरी निवड झालेली असते ती फोटो पाहून. एकाच कुत्र्याला आजी एक शब्द सांगते, मुलं दुसरा, बाबा तिसरा, आणि ट्रेनरचा इंग्रजी हुकूम या तिघांनाही नीट ठाऊक नसतो. पोलिसांकडून आपण आज्ञा आणल्या, हँडलर तिथेच ठेवला.

दुसरा वारसा आहे ‘मालक कोण ते त्याला दाखवून द्या’ या वाक्याचा. यामागे लांडगा आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला आणि कळपात सत्तेसाठी सतत झुंज चालते, वरचा तो ‘अल्फा’, असं चित्र उभं राहिलं. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ते घराघरांत नेलं. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, तेव्हा दिसलं ते साधं कुटुंब, आई-बाप आणि त्यांची पोरं. १९९९ साली त्यांनी तसं लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. छपाई थांबायला २०२२ साल उजाडलं. याच कल्पनेवरून न्यूयॉर्क राज्यातल्या ‘न्यू स्कीट’ मठातल्या साधूंनी १९७८च्या पुस्तकात कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा उपाय सुचवला होता. २००२च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच तो मागे घेतला. ज्यांनी ही कल्पना रुजवली त्यांनी ती टाकून दिली आणि आपण धरून बसलो. त्याचं थोडं श्रेय २००४ पासून टीव्हीवर गाजलेल्या सीझर मिलान यांच्या कार्यक्रमालाही जातं. पंचेचाळीस मिनिटांत शांत झालेला कुत्रा पडद्यावर छान दिसतो; तो शांत झाला की गोठला, हे मात्र कान, शेपटी आणि ओठ वाचता येणाऱ्यालाच कळतं.

या दांडगाईचं घरी काय होतं याचा एक अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ साली प्रसिद्ध केला. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना, त्याआधी काय काय करून पाहिलं ते विचारलं होतं. मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी सांगितलं की कुत्रा उलट अंगावर आला. उताणं दाबून धरण्यात हे प्रमाण ३१ टक्के, नजर रोखून बघण्यात ३० टक्के. हे कुत्रे आधीच तक्रारीचे होते, असा आक्षेप कोणी घेईल. खरं आहे. पण ट्रेनरला बोलावणं जातं ते अशाच कुत्र्यांसाठी.

यातलं सगळ्यात घातक काम म्हणजे गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणं. गुरगुरणं ही सूचना आहे: मला हे नको आहे, लांब राहा. झटका देऊन ती बंद करता येते, अगदी आठवड्याभरात. नको असलेली गोष्ट मात्र नकोशीच राहते. मग कुत्रा न गुरगुरता चावतो, आणि ‘काही कारण नसताना अचानक चावला’ अशी तक्रार येते.

याच्या उलट परंपराही जुनीच आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकातच प्राण्यांना शिकवण्यासाठी ‘टिक्’ असा आवाज आणि पाठोपाठ खाऊ ही जोडी वापरली. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४च्या ‘डोन्ट शूट द डॉग’मधून तीच रीत घरगुती लोकांपर्यंत आणली. डॉल्फिनला पट्टा घालून झटका देता येत नाही; तो पोहत निघून जातो. त्यामुळे त्याला हवंसं वाटेल असंच शिकवावं लागतं. ब्रिटिश पशुवैद्य इयन डनबार यांनी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात पट्ट्याविना पिल्लांचे वर्ग सुरू केले. अमेरिकेच्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ साली निःसंदिग्ध भूमिका घेतली: सगळ्या कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीही, बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरा. गळ्याला विजेचा झटका देणाऱ्या शॉक कॉलरचे समर्थक म्हणतात की काही हट्टी कुत्र्यांना दुसरा इलाज नसतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या मंडळींनी ६३ कुत्र्यांवर हे तपासलं. हाक मारल्यावर परत येणं शिकवण्यात कॉलरवाले ट्रेनर बक्षीसवाल्यांच्या पुढे गेले नाहीत, उलट मागेच राहिले. वेल्सने तर २०१० सालीच हे कॉलर बंद केले. आपल्याकडे ते ऑनलाइन मागवले की घरपोच येतात.

‘खाऊ दिला तर सवय लागेल, ही लाच झाली’ ही आपल्या घरांतली नेहमीची शंका. ती अगदीच पोकळ नाही. बक्षीस हातात आधी दाखवून काम करून घेतलं तर कुत्रा हाताकडेच बघायला शिकतो. काम झाल्यावर बक्षीस यावं, आणि शिकणं पक्कं झालं की ते कधी यावं, कधी न यावं. हा बदल करायलाच अनेक ट्रेनर विसरतात, मालक तर नक्कीच. ‘पॉझिटिव्ह ट्रेनर’ अशी पाटी लावली म्हणून काम चांगलं होतंच असं नाही. समोरच्या कुत्र्यावर जीव खाऊन भुंकणाऱ्या जनावराच्या तोंडात चिकनचे तुकडे कोंबत राहणारेही असतात. त्यातून कोणी काही शिकत नाही.

मग वर्तनाचं काम करणारा चांगला ट्रेनर काय करतो? सुरुवातीला तो कुत्र्याला हात लावत नाही. आधी पशुवैद्याकडे पाठवतो. वर्तनाच्या तक्रारींमागे शरीरातलं दुखणं किती असतं याचा आढावा लिंकनच्याच डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली घेतला. तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांपैकी, हात राखून अंदाज केला तरी, एक तृतीयांशांत काहीतरी दुखत होतं; काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ गेला. लॅब्रॅडॉरची, जर्मन शेफर्डची कंबर, लोंबत्या कानांच्या जातींचे पावसाळ्यात चिघळणारे कान, किडलेली दाढ. डोक्यावर हात ठेवला की गुरकावतो म्हणून ज्याला उद्धट ठरवलं त्याचा कान ठणकत असतो. या दुखण्यावर कुठलीही आज्ञा चालत नाही.

दुसरं, तो खूप प्रश्न विचारतो आणि व्हिडिओ मागतो. कोणावर भुंकतो? किती अंतरावरून? जेवताना, झोपेत, लिफ्टमध्ये? तेव्हा घरातले काय करतात? एकटा ठेवल्यावर घर डोक्यावर घेणाऱ्या कुत्र्याबद्दल तर व्हिडिओशिवाय बोलताच येत नाही. कंटाळून उशी फाडणारा आणि मालक बाहेर पडताच धापा टाकत दार ओरबाडणारा, या दोघांचे उपाय अगदी वेगळे. दुसऱ्याला वियोगाची खरीखुरी भीती असते. त्यासाठी क्लोमिप्रामिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधं कुत्र्यांकरता अमेरिकेत अनुक्रमे १९९८ आणि २००७ साली मान्य झाली. औषध पशुवैद्य देतो, ट्रेनर नाही. पण ते लागेल असं वेळेवर ओळखणारा ट्रेनर घरच्यांचे कित्येक महिने वाचवतो. ‘कुत्र्याला कसल्या मानसिक गोळ्या’ म्हणून हसणारे नातेवाईक असतात, त्यांना हसू द्यावं.

तिसरं काम अंतराचं. भीतीदायक गोष्ट कुत्र्याला दिसेल पण त्याचा तोल जाणार नाही इतक्या लांब ठेवायची, ती दिसली की काहीतरी उत्तम खायला द्यायचं, आणि आठवड्या-आठवड्याने अंतर कमी करायचं. सांगायला दोन ओळी, करायला महिने. पुण्यातलं उदाहरण घ्या. गणपतीत ढोलताशाला थरथरणाऱ्या कुत्र्याचा उपाय भाद्रपदात होत नाही. पथकांचे सराव पावसाळ्यातच नदीपात्रात सुरू होतात. तेव्हा एक-दोन पूल सोडून, आवाज अंधुक येईल अशा जागी कुत्र्याला रोज दहा मिनिटं घेऊन बसायचं, तो खातोय, हुंगतोय, आळस देतोय असं दिसलं तरच दुसऱ्या आठवड्यात थोडं पुढे सरकायचं. खायचं थांबला म्हणजे आपण फार जवळ आलो. दिवाळीच्या फटाक्यांसाठी ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावून हेच करतात. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ट्रेनरला फोन करणाऱ्यांना तो फक्त खिडक्या लावा, पंखा चालू ठेवा आणि जवळ बसा एवढंच सांगू शकतो. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज मात्र खुशाल सोडून द्यावा.

इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या ट्रेनरची इथे खरी परीक्षा रस्त्यावरच्या कुत्र्यांपाशी होते. ‘समोरच्या कुत्र्यापासून वीस मीटर लांब राहा’ हा सल्ला ज्या गल्लीत प्रत्येक टपरीपाशी एक टोळी बसलेली आहे तिथे कसा पाळणार? इथला कसबी माणूस आधी तुमच्याबरोबर नुसता चालतो. कुठल्या टोळीची हद्द कुठे संपते, कोणता कुत्रा नुसता बोंबलतो आणि कोणता चाल करून येतो, दूधवाल्याच्या वेळी कुठला रस्ता मोकळा असतो हे बघतो. मग फिरण्याची वेळ बदलतो, रस्ता बदलतो, पहिले काही आठवडे गच्ची किंवा पार्किंगच वापरायला सांगतो. हे प्रशिक्षण नव्हे असं वाटेल. पण कुत्रा रोज दोनदा वेड्यासारखा भुंकत राहिला तर त्याचा तोच सराव पक्का होतो, आणि आठवड्यातून दोन वेळा येणारा ट्रेनर त्याला पुरा पडत नाही.

पिल्लांबद्दल एकच सांगतो, कारण तिथे वेळ हातातून जाते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात केलेल्या दीर्घ अभ्यासाचं पुस्तक १९६५ साली आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं हे त्यातून पक्कं झालं. नेमक्या याच काळात ‘सगळ्या लशी होईपर्यंत बाहेर काढू नका’ असं सांगितलं जातं आणि पिल्लू चौथ्या महिन्यापर्यंत टू-बीएचकेत वाढतं. पार्व्हो या जीवघेण्या आजाराची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नये. पण पिल्लाला जमिनीवर न ठेवता, कडेवर घेऊन रिक्षा, शाळेची मुलं, छत्री, भाजीवाला, लिफ्ट दाखवता येते. पहिली लस झाल्यावर सात दिवसांनी, लस झालेल्या पिल्लांच्या स्वच्छ जागेतल्या वर्गात नेता येतं, असं अमेरिकी वर्तनतज्ज्ञांचं मत आहे. दोन वर्षांच्या हस्कीवर वर्षभर ट्रेनरचे पैसे ओतण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

कुत्रा महिनाभर ट्रेनरच्या फार्मवर ठेवून ‘तयार करून’ आणण्याचा प्रकार हल्ली वाढला आहे. साध्या आज्ञांसाठी तो चालून जातो. वर्तनासाठी मला तो पैशाचा अपव्यय वाटतो, आणि दार बंद करून काय चाललंय हे कळत नसल्यामुळे धोक्याचाही. ज्या दारावरच्या बेलला कुत्रा भुंकतो ती बेल फार्मवर नसते. ज्या नातवापासून तो ताटली राखतो तो नातूही नसतो.

या धंद्याला आपल्याकडे कसलाही परवाना लागत नाही. उद्या सकाळी कोणीही पाटी लावू शकतो, आणि याबाबत ब्रिटन-अमेरिकाही फार पुढे नाहीत. प्राण्यांना अमानुष वागवण्याविरुद्ध १९६०चा कायदा आहे. त्यात मारझोड, फार आखूड साखळी, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हे सगळं गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड ठरला तो दहा ते पन्नास रुपये. थोडक्यात, निवड तुम्हालाच करायची आहे. बऱ्याचदा ती घाईत होते, कारण सोसायटीच्या कमिटीची नोटीस आलेली असते. पाळीव कुत्रा ठेवायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे, तेव्हा नोटिशीला घाबरून पहिला मिळेल त्याच्या हाती पट्टा देण्याचं कारण नाही. मात्र कुत्रा कोणाला चावला असेल तर शेजाऱ्याचीही बाजू आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, त्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं, कुत्र्याच्या रेबीजच्या लशीचा कागद दाखवायचा आणि त्या दिवसापासून लिफ्टमध्ये तोंडाला जाळी घालायची. जाळीची सवयही खाऊ घालत घालत, आधीपासून लावता येते. तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

काही कुत्री पूर्ण सुधारत नाहीत हेही मान्य करायला हवं. लहान मूल असलेल्या घरात, खोलवर चावलेल्या कुत्र्याला ठेवणं कधी कधी शहाणपणाचं नसतं, आणि हे तोंडावर सांगणारा ट्रेनर वाईट नव्हे. वाईट तो, जो पहिल्याच फोनवर ‘एकवीस दिवसांत गॅरंटी’ म्हणतो.

ट्रेनर ठरवण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय कराल, आणि चुकलं तर काय कराल? उत्तर गोलगोल आलं किंवा गळा आवळणारी चोक चेन पिशवीतून बाहेर आली, तर आभार मानून निरोप द्या. नंतर त्याचा दुसऱ्या कोणाच्या घरचा एक तास बघायला मागा. आणि पहिल्या दिवशी आजीसकट, मावशींसकट घरातल्या सगळ्यांनी हजर राहा. ‘तुम्ही समोर असलात की कुत्रा ऐकत नाही, तुम्ही आत जा’ असं जो सांगेल, त्याला पुढच्या महिन्याचे पैसे देऊ नका.